घरी येणाऱ्या सेवेचा पडताळा



पारोळ्याच्या बाजारात कापूस मोजताना आपले डोळे काट्यावरून हलत नाहीत. मात्र आशाताई घरी येऊन तान्ह्या बाळाचे वजन करते, तेव्हा तो काटा आधी शून्यावर होता का, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. कापसात फसलो तर पैसा जाईल. इथे फसलो तर काय जाईल, ते सांगायला नकोच.

दवाखान्यात चार माणसांची नजर असते. घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत कोण बघणार? म्हणून घरपोच सेवा जितकी सोयीची, तितकाच तिचा पडताळा गरजेचा.

याचा धडा आपल्याच राज्यात, गडचिरोलीत मिळाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत हे काम केले. थोड्या शिकलेल्या गावातल्याच बायांना त्यांनी बाळाची तपासणी आणि उपचार शिकवले. 1993 ते 1995 या काळात तिथे हजार जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. 1997-98 पर्यंत हा आकडा 25 च्या आसपास आला. पण नुसते शिकवून सोडून दिले, असे झाले नाही. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जात, नोंदी पडताळीत आणि चुकले तिथे सुधारून देत.

पुढे 2011 मध्ये ही पद्धत देशभर घेतली गेली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताईच्या घरी सहा भेटी ठरल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच बाळंतपण झाले, तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. या भेटींचा मोबदला भरलेल्या कागदावर मिळतो. इथेच जपायला हवे. कागद भरला आणि भेट झालीच नाही, तर सरकारी नोंदीत बाळ ठणठणीत राहील आणि घरात मात्र ते निपचित पडलेले असेल.

मग आपण काय बघावे? आशाताईने आधी हात साबणाने धुतले का? रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणला का? बाळ शांत असताना श्वास पुरते एक मिनिट मोजले का? साठ किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे असतात. काखेतला ताप 97 अंश फॅरनहाइटच्या खाली गेला, तर बाळ गारठले आहे. आपल्या खानदेशात पौषातली थंडी काही साधी नसते. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले किंवा श्वास घेताना छाती आत ओढू लागली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा.

पडताळा म्हणजे पोलिसी चौकशी नव्हे, हेही ध्यानात घ्या. पुष्कळदा दोष ताईचा नसतो. तापमापक बंद पडलेला असतो, काटा बिघडलेला असतो, नवा मिळत नाही. साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते. तिने ताईसोबत घरी जाऊन काम बघावे आणि अडचण वर पोचवावी, हे तिचे कामच आहे. ती गावात आली, तर तिला आपल्या घरीही बोलवा आणि भेटी खरोखर झाल्या का, ते सांगा.

गुरुजी, आपल्यासाठी एक काम. ग्राम आरोग्य समितीच्या सभेत तीन प्रश्न विचारा: या महिन्यात बाळे किती जन्मली, सगळ्या भेटी कितींच्या झाल्या, आणि आशाताईची कोणती वस्तू बिघडली आहे? उत्तरे वहीत उतरवून ठेवा आणि पुढच्या सभेत तीच वही उघडा. महिन्यामागून महिना असे विचारत गेले, की काटाही दुरुस्त होतो आणि भेटही चुकत नाही.