सीबीडीची बाटली घेण्यापूर्वी : नाव एक, पदार्थ तीन

येलवाल (म्हैसूर) : विनोबा भावे यांच्या उपस्थितीत १९५७ मध्ये भरलेल्या ग्रामदान परिषदेमुळे मराठी वाचकांना परिचित असलेले येलवाल हे गाव म्हैसूर–हुणसूर मार्गावर आहे. अशा गावातून असो वा कोल्हापूर–सांगलीतून, सांधेदुखी, निद्रानाश किंवा चिंता यांवरील ‘सीबीडी तेल’ आता मोबाईलवरून मागवता येते. त्याची जाहिरात नैसर्गिक, सौम्य आणि नशा न आणणारे औषध अशी केली जाते. मात्र ‘सीबीडी’, ‘हेम्प’ आणि ‘विजया’ ही नावे ग्राहकाच्या मनात एकमेकांत मिसळली आहेत. त्यांच्या आड गुणधर्म, परिणाम आणि कायदेशीर स्थान यांत एकमेकांपासून भिन्न असलेले किमान तीन पदार्थ विकले जातात. त्यामुळे ते कसे घ्यावे, या प्रश्नाच्या आधी बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न विचारणे नवख्या ग्राहकाच्या हिताचे आहे.

सीबीडी म्हणजे काय?

गांजा, चरस आणि भांग ही एकाच वनस्पतीची तीन रूपे आहेत. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, वनस्पतीपासून वेगळी केलेली राळ म्हणजे चरस आणि पानांपासून बनते ती भांग. या वनस्पतीत शंभराहून अधिक विशिष्ट रसायने आढळतात आणि त्यांना ‘कॅनाबिनॉइड’ म्हणतात. त्यांपैकी दोन सर्वाधिक अभ्यासली गेली आहेत. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणजेच टीएचसी नशा आणते, तर कॅनाबिडिऑल म्हणजेच सीबीडी नशा आणत नाही. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांच्या गटाने १९६३ मध्ये सीबीडीची आणि १९६४ मध्ये टीएचसीची रेणूरचना निश्चित केली. शुद्ध सीबीडीमुळे व्यसन जडण्याची लक्षणे आढळत नाहीत, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये काढला.

यातील ‘शुद्ध’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भारतातील पारंपरिक वाणांमध्ये सहसा टीएचसीचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे संपूर्ण पानांचा अर्क काढला, तर त्यात सीबीडीच्या जोडीला टीएचसीही उतरते. अशा अर्काला नुसते ‘सीबीडी’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

बाजारातील तीन पदार्थ

पहिला पदार्थ म्हणजे बियांचे तेल. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, बियांचे तेल आणि बियांचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांमध्ये स्निग्धाम्ले आणि प्रथिने भरपूर असली, तरी सीबीडी जवळपास नसते. प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा अन्नपदार्थात प्रतिकिलो ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सीबीडी असू नये. या हिशेबाने शंभर मिलिलिटरच्या संपूर्ण बाटलीत जास्तीत जास्त सात मिलिग्रॅमच्या आसपास सीबीडी असू शकते. वेदनाशमनाच्या अपेक्षेने ही बाटली विकत घेणारा ग्राहक प्रत्यक्षात कोशिंबिरीवर घालण्याचे तेल घेत असतो.

दुसरा पदार्थ म्हणजे विजया. आयुर्वेदात भांगेला हे नाव आहे. पानांच्या अर्कापासून बनलेली तेले, गोळ्या आणि कॅप्सूल आयुष परवान्याखाली आयुर्वेदिक औषधे म्हणून विकली जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ‘ई-१’ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, बिया वगळता भांगेचा समावेश आहे. म्हणूनच पोटात घेण्याच्या अशा औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणे बंधनकारक आहे. मुंबईत २०१३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे हेम्प कंपनी ही या क्षेत्रातील सुरुवातीच्या भारतीय उद्योगांपैकी एक. बेंगळुरूच्या कोरमंगला भागात २०२० मध्ये विजयावर आधारित उपचारांचे क्लिनिक सुरू झाले.

तिसरा पदार्थ म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे शुद्धीकृत सीबीडी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ‘एपिडायोलेक्स’ या द्रावणाला लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रावे या लहान वयात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन तीव्र प्रकारांसाठी मान्यता दिली. २०२० मध्ये त्यात ट्यूबरस स्क्लेरोसिस या विकारातील झटक्यांची भर पडली. सीबीडीच्या उपयोगाचा सर्वांत भक्कम पुरावा याच आजारांपुरता आहे.

पुरावा कितपत?

दीर्घकालीन वेदना, चिंता आणि निद्रानाश या तक्रारींसाठी सीबीडीची सर्वाधिक जाहिरात होते. नेमका तेथेच पुरावा तोकडा आहे. चिंतेवरील काही छोट्या प्रयोगांत उत्साहवर्धक निष्कर्ष आले. मात्र त्यांपैकी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील प्रयोगात सहभागींना एका वेळी ६०० मिलिग्रॅम सीबीडी देण्यात आले होते. दुकानातील तेलाचे काही थेंब घेणाऱ्याला त्याच्या आसपासही मात्रा मिळत नाही. वेदनांच्या अभ्यासासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला आणि वेदनांसाठी कॅनाबिनॉइडच्या सर्वसाधारण वापराला पाठिंबा देण्यास नकार दिला. याचा अर्थ कोणालाच गुण येत नाही असा होत नाही. परंतु गुण येईल अशी हमी देणारी जाहिरात विज्ञानाच्या पुढे धावत आहे, एवढे निश्चित.

घेण्याच्या पद्धती

सीबीडी कोणत्या मार्गाने शरीरात जाते, यावर त्याचा परिणाम किती लवकर सुरू होतो आणि किती काळ टिकतो हे अवलंबून असते.

जिभेखाली थेंब ठेवणे ही सर्वांत प्रचलित पद्धत. तेल साधारण एक मिनिट जिभेखाली धरून मग गिळले जाते. काही अंश तोंडातील त्वचेतून शोषला जातो आणि उरलेला पोटात जातो. परिणाम जाणवण्यास साधारण पाऊण तासापर्यंत वेळ लागू शकतो.

कॅप्सूल, गोळ्या किंवा चघळण्याच्या ‘गमी’ पचनमार्गातून जातात. तोंडावाटे घेतलेल्या सीबीडीचा मोठा भाग यकृतातच विघटित होतो आणि साधारण सहा टक्केच रक्तात पोहोचतो. परिणाम सुरू होण्यास अर्धा ते दोन तास लागतात. स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास शोषण चार ते पाच पटींनी वाढू शकते. त्यामुळे एक दिवस उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी भरल्या पोटी घेणाऱ्याच्या शरीराला प्रत्यक्षात दोन वेगळ्या मात्रा मिळतात. परिणाम जाणवला नाही म्हणून तासाभरात दुसरी मात्रा घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते.

मलम, बाम किंवा मालिशचे तेल त्वचेवर लावले जाते. यातून रक्तात फारच कमी सीबीडी पोहोचते. त्यामुळे अपेक्षा ठेवायची, तर ती त्या जागेपुरतीच. मालिशने मिळणाऱ्या आरामाचे श्रेयही अनेकदा सीबीडीला दिले जाते.

वाफ श्वासातून ओढण्याची पद्धत परदेशात रूढ आहे. तिचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. भारतात मात्र २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटवर बंदी आहे आणि या कायद्याची व्याख्या निकोटीन नसलेल्या उपकरणांनाही लागू होते. फुफ्फुसांना होणाऱ्या संभाव्य इजेचा धोका वेगळाच.

लेबल कसे वाचावे?

समजा, ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘१५०० मिलिग्रॅम सीबीडी’ असे लिहिले आहे. म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले, तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम सीबीडी येते. परंतु लेबलवर ‘१५०० मिलिग्रॅम अर्क’ असे असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही. तो आकडा संपूर्ण अर्काचा आहे. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे स्वतंत्रपणे नमूद असायला हवे.

छापील आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी केवळ २६ उत्पादनांवरील प्रमाण अचूक होते आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. म्हणून स्वतंत्र प्रयोगशाळेचा, त्याच बॅच क्रमांकाचा तपासणी अहवाल मागणे हा ग्राहकाचा पहिला उपाय आहे. परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि इशारा नसलेली बाटली परत ठेवणेच योग्य.

मात्रेबाबत दोन टोकांचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांना अन्नातून दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सीबीडी न घेण्याचा सल्ला दिला. त्याआधी ही मर्यादा ७० मिलिग्रॅम होती. दुसरीकडे, अपस्मारासाठी एपिडायोलेक्सची सुरुवात सहसा वजनाच्या प्रतिकिलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅमने होते. ५० किलो वजनाच्या रुग्णासाठी ती २५० मिलिग्रॅम होते. इतकी मात्रा यकृताच्या नियमित तपासण्या करीत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जाते. बाटलीच्या भरवशावर अपस्माराची चालू औषधे बंद करणे जिवावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजेच एनडीपीएस कायद्याच्या, गांजाविषयक व्याख्येत राळ आणि फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांग बाळगल्याच्या प्रकरणात जामीन देताना हाच भेद विचारात घेतला होता. विजया उत्पादनांचे कायदेशीर अस्तित्व याच भेदावर उभे आहे. सीबीडीचा अर्क पानांपासून काढला की फुलोऱ्यापासून, यावर त्याचे कायदेशीर भवितव्य ठरू शकते.

मात्र भांग सर्वत्र मोकळी आहे असा याचा अर्थ नाही. मादक द्रव्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांनाही आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असल्याने परवान्याशिवाय भांग बाळगणे अडचणीचे ठरू शकते. एका राज्यातून घेतलेले औषध दुसऱ्या राज्यात नेताना वैद्यांची चिठ्ठी आणि खरेदीची पावती जवळ असणे म्हणूनच शहाणपणाचे.

परदेशातील नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेल्या गमीबाबत अधिक सावध राहायला हवे. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्याने वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या वनस्पतीला ‘हेम्प’ ठरवले. हेच प्रमाण चार ग्रॅमच्या एका गमीला लावले, तर त्यात १२ मिलिग्रॅम टीएचसी बसते आणि नवख्या व्यक्तीला नशा येण्यास ते पुरेसे असते. भारतात टीएचसीचे नाव एनडीपीएस कायद्याच्या मनोवर्ती पदार्थांच्या यादीत आहे. तिकडच्या दुकानात सहज मिळणारी वस्तू इकडच्या विमानतळावर गुन्ह्याचे कारण होऊ शकते.

कोणी सावध राहावे?

झोपाळूपणा, जुलाब, भूक मंदावणे आणि यकृतातील विकरांची पातळी वाढणे हे सीबीडीचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. अनेक औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांच्या कामातही ते अडथळा आणते. त्यामुळे रक्त पातळ करणारे वॉरफरिन, अपस्मारावरील क्लोबाझाम आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. व्हॅलप्रोएटसोबत घेतल्यास यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या महिलांना सीबीडी टाळण्याचा सल्ला दिला आहे.

टीएचसी असलेले विजया औषध घेतल्यावर वाहन चालवणे धोक्याचे आहे. नोकरीच्या ठिकाणी किंवा क्रीडास्पर्धेत मूत्रचाचणी होत असेल, तर तीही सदोष येऊ शकते. जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्थेने २०१८ पासून सीबीडीला बंदीतून वगळले असले, तरी ही सवलत टीएचसीला नाही.

घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते. गुडघेदुखीसाठी तेल मागवणाऱ्या अनेकांची रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची औषधे आधीपासून सुरू असतात. आयुर्वेदिक म्हणून हे तेल डॉक्टरांना सांगण्याची गरज वाटत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. चालू औषधांची यादी आणि नवी बाटली एकाच वेळी वैद्य व डॉक्टर या दोघांनाही दाखवणे, ही या उपचाराची पहिली पायरी आहे. त्यांच्या संमतीने सुरुवात करायचीच असेल, तर ती सर्वांत कमी मात्रेने, रात्री, वाहन चालवायचे नसताना करावी. घेतलेली मात्रा, वेळ आणि जाणवलेला परिणाम वहीत नोंदवून ठेवावा. ठरावीक मुदतीनंतर फरक दिसला नाही, तर मात्रा स्वतःहून वाढवत न नेता पुन्हा सल्ला घ्यावा आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.