खोकल्याच्या औषधाचे व्यसन

मुलाच्या दप्तरात कोडीनयुक्त खोकल्याच्या बाटल्या सापडल्या की पालक आधी त्याला बडवतात, मग खोलीत कोंडतात आणि आठवड्याने माझ्याकडे आणतात. कोडीन अफूतलेच. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळ्यांचा गुणही तोच. २०१८ पासून त्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहेत. एकदम बंद केल्यास नाक गळते, पोटात मुरडा येतो, झोप उडते. ही नाटके नव्हेत! तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन दिल्यास हा त्रास आटोक्यात येतो. ते अनेकदा दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. खरी भीती पुढेच. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. तेव्हा कोंडू नका. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारा.