'गोसावी' या पदवीचा अर्थ आणि उगम

आज आपण एकच शब्द घेऊया. 'गोसावी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भगवी कफनी आणि खांद्याला झोळी असलेला माणूस येतो, नाहीतर कुणा ओळखीच्याचं आडनाव आठवतं. पण या मागणाऱ्याच्या नावाचा मूळ अर्थ 'मालक' असा आहे. हे कसं झालं?

मूळ संस्कृत शब्द 'गोस्वामिन्'. संस्कृतातला 'म' मराठीत येताना पुष्कळदा 'व' होतो. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसा गोस्वामीचा गोसावी झाला. हिंदीत तोच गोसाईं.

आता 'गो' म्हणजे गाय, हे आपण जाणतोच. म्हणून सरळ अर्थ गाईंचा धनी. परंतु 'गो' या शब्दाला पृथ्वी, वाणी, किरण आणि इंद्रिय असेही अर्थ आहेत. संप्रदायांनी त्यातला 'इंद्रिय' हा अर्थ उचलला. राखण नसली की गुरं कुणाच्याही उभ्या पिकात शिरतात. इंद्रियांचंही तसंच. त्यांना जो वळवून आणतो, तो गोस्वामी. वृंदावनात चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेतले रूप, सनातन, जीव आदी सहा आचार्य 'षड्गोस्वामी' म्हणून ओळखले जातात.

आपल्या मराठीत 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींना जागोजागी 'गोसावी' म्हटलंय. तिथे अर्थ प्रत्यक्ष प्रभू. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या नावातही तोच आदर आहे. पुढे पेशवाईतल्या पत्रांचा मायना पाहा: 'राजश्री अमुक गोसावी यांसी'. हा मायना सरदारालाही जायचा. म्हणजे आजच्या 'साहेब'सारखाच तो झाला होता.

दुसरीकडे गिरी, पुरी, भारती अशा दशनामी गोसाव्यांत कुणी सावकारी केली, कुणी हत्यार धरून फौजेत गेले, कुणी संसार थाटला. घरबारी गोसाव्यांत पदवी बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि तिची जात झाली, आडनाव झालं. आणि भिक्षेला आलेल्याला लोक हिणवून 'गोसावडा' म्हणू लागले.

मग आपल्यापुढे प्रश्न राहतो तो असा. पदवी वारशाने मिळेल, पण इंद्रियांवरचा ताबा वारशाने मिळतो का? तो ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो, मग आडनाव काहीही असो. आणि दाराशी आलेल्याला 'गोसावडा' म्हणताना निदान आपली जीभ, म्हणजे एक इंद्रियच, आपल्या ताब्यात आहे का, एवढं आपण पाहावं.