घरांतील आधि

‘आधिव्याधि’ हा समास आपण एका श्वासांत उच्चारतों. आधि म्हणजे मनाचें दुखणें, व्याधि म्हणजे शरीराचें. समासांत आधि पहिली. घरांत मात्र व्याधीची विचारपूस होते आणि आधीवर पडदा पडतो. हा पडदा एका कुटुंबास किती महाग पडला, तें आम्हीं शिरूरास जवळून पाहिलें आहे.

मुलगा दहावीस आमच्या वर्गांत होता. हुशार आणि बोलका. दिवाळीनंतर तो गप्प झाला. रात्रीं झोपेना, भिंतीआडून कोणी आपल्याविषयीं बोलतें असें म्हणूं लागला. आम्हीं त्याला भर वर्गांत आळशी म्हटलें. तो शब्द आम्हांस आजही सलतो.

घर एकत्र. आजीस दृष्ट लागल्याचा संशय, काकांस शिस्तीचा अभाव दिसला, आणि साऱ्यांनीं दोष ठेवला तो आईवर : ‘तूंच त्याला लाडावून ठेवलेंस.’ आईनें हळदीकुंकवास जाणें सोडलें. धाकटी बहीण मैत्रिणींना घरीं आणीनाशी झाली; तिचे गुण घसरले, पण तिकडे पाहावयास कोणास उसंत नव्हती. थोरलीचें लग्न दौंडास जमत होतें. पाहुणे यावयाचे त्या दिवशीं मुलाला नातलगांकडे पाठवीत. पुण्यास डॉक्टरांकडे न्यावें, तर शिरूरची एस. टी. नगर रस्त्यानें येरवड्यावरूनच जाते. गांवांत ‘येरवडा’ हा शब्दच चेष्टेचा. वडिलांनीं दोन वर्षें टाळाटाळ केली. या दुखण्यास छिन्नमनस्कता म्हणतात, आणि उपचार जितका लांबेल तितकें सावरणें अवघड होतें.

अखेर थोरलीनेंच दौंडच्या मंडळींस सारें सांगितलें. स्थळ मोडलें. घरांत आकांत झाला. परंतु आतां लपवावयाचें कांहीं उरलें नव्हतें, म्हणून दुसऱ्याच आठवड्यांत मुलगा डॉक्टरांपुढें बसला. आज औषधाच्या वेळा काका सांभाळतात, संध्याकाळीं आजी त्याच्याजवळ बसते, आईस तासभर मोकळीक मिळते. मुलाचे कांहीं दिवस बरे जातात, कांहीं कठीण. थोरलीचें लग्न अद्याप व्हावयाचें आहे.

स्थळें पाहणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें : हें दुखणें सर्वसाधारण समाजांत शंभरांत सुमारें एकास होतें, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत शंभरांत सुमारें ९-१० जणांस. म्हणजे नव्वद भावंडें त्यापासून दूरच राहतात. आईच्या लाडानें तें होत नाहीं.

कॅनडांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हेंच दुखणें होतें. त्यांनीं तें लपविलें नाहीं. उलट पुण्यांत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापून रुग्णांच्या नातलगांस एकत्र आणलें. २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटांत असाच एक भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे. ज्यांना पुण्यास जाणें जमत नाहीं, त्यांच्यासाठीं २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा आहे. क्रमांक १४४१६, अहोरात्र आणि विनामूल्य.

वाचकांस आमची विनंति एवढीच : विषमज्वर झालेल्या मुलाच्या घरीं आपण ज्या सहजपणें समाचारास जातों, तसेंच येथेंही जावें. आणि मुलाची विचारपूस झाल्यावर त्याच्या आईस व भावंडांसही, ‘तुम्ही कसे आहांत?’ असें विचारावें.