‘सेलाडोनाइट’ : एका हिरव्या खनिजाच्या नावाचा अर्थ व उगम

शिरूर अनंतपाळ तालुक्यासह लातूर जिल्ह्याचा बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाथरांवर वसलेला आहे. लाव्हा थंड होताना वायूमुळे खडकात पोकळ्या राहिल्या व पुढे त्यांत निरनिराळी खनिजे साचली. अशा पोकळ्यांच्या कडांवर अनेकदा हिरवट, मातकट लेप आढळतो. विहिरीतून निघालेल्या दगडावरील हा लेप पाहून शेवाळाची किंवा तांब्याची शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि बेसाल्टमध्ये तो बहुधा लोहयुक्त खनिजांचा असतो आणि सेलाडोनाइट हे त्यांतील प्रमुख होय. अभ्रक गटातील या सिलिकेटमध्ये पोटॅशियम, मॅग्नेशियम व लोह असते. हिरवा रंग लोहामुळे येतो.

खनिजाला हे नाव १८४७ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ ग्लॉकर यांनी दिले. ‘सेलाडों’ हा फिकट समुद्री हिरव्या रंगासाठी रूढ झालेला फ्रेंच शब्द त्यांनी घेतला व त्यास खनिजनामांचा परिचित ‘आइट’ हा प्रत्यय जोडला. त्या शब्दामागची कथा मात्र खनिजशास्त्राबाहेरची आहे. ओनोरे द्युर्फे यांची ‘लास्त्रे’ ही प्रदीर्घ फ्रेंच कादंबरी १६०७ ते १६२७ या काळात प्रसिद्ध झाली. तिचा नायक सेलाडों हा मेंढपाळ. प्रेयसीने झिडकारल्यावर तो नदीत उडी घेतो! त्याच्या पोशाखातील फिकट हिरव्या फितींवरून रंगाला त्याचे नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. हे नाव त्याआधी लॅटिन कवी ओव्हिडच्या काव्यात येते, आणि त्याचा संबंध गोंगाट, खळाळ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडला जातो. म्हणजे मूळ धातूत हिरवेपणाचा लवलेशही नाही.

चिनी ‘सेलाडॉन’ भांड्यांवरून खनिजाचे नाव पडले, असे समजणे सयुक्तिक ठरत नाही. युरोपीयांनी त्या भांड्यांनाही रंगावरूनच हे नाव दिले. त्यांच्या झिलईतील हिरवी छटा कमी प्राणवायूच्या भट्टीत अल्प लोहांशातून उत्पन्न होते. त्यासाठी सेलाडोनाइट लागत नाही.

पदार्थाचा वापर नावापेक्षा कितीतरी जुना आहे. अजिंठ्याची लेणी याच बेसाल्टमध्ये कोरलेली असून, तेथील पाचव्या शतकातील चित्रांत ‘हिरवी माती’ हे रंगद्रव्य वापरलेले आहे. सेलाडोनाइट व त्याचे सजातीय ग्लॉकोनाइट हेच या मातीचे रंगदायी घटक होत.