शर्यत जिंकली, सकाळ हरली

जुन्या यंत्रांचा विषय निघाला की आपण चटकन म्हणतो, चांगले होते ते टिकले, कुचकामी होते ते गेले. हिशेब इतका सरळ नसतो.

१९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६! शेवटच्या घोड्याने पुढे सारे मैदान मारले, ते कसे?

मॅसॅच्युसेट्समधील फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ले या जुळ्या भावांचा मूळ धंदा फोटोग्राफीच्या काचांचा. १८९७ मध्ये त्यांनी पहिली वाफगाडी बनवली. तिला ना क्लच, ना गिअर. त्यांच्या पुढच्या गाड्यांत बॉयलरवर पियानोची तार गुंडाळलेली आणि इंजिन थेट मागच्या आसाला जोडलेले. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर फ्रेड मॅरियटने स्टॅन्लेंची गाडी ताशी २०५ किलोमीटर वेगाने पळवली. वाफेच्या गाडीचा हा विक्रम अधिकृतरीत्या मोडायला २००९ साल उजाडले.

माझ्या पिढीला ही गाडी परकी वाटू नये. पितळी स्टोव्ह आठवा. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होई आणि ती निळ्या ज्योतीने जळे. स्टॅन्लेचा बर्नर याच तत्त्वावर चाले. फरक इतकाच, की थंड गाडीत वाफ धरायला वीस-पंचवीस मिनिटे जात.

पेट्रोलच्या गाडीचे हँडल मारताना मनगट मोडे, तोवर लोकांनी हा खोळंबा सोसला. १९१२ मध्ये कॅडिलॅकने केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला आणि तो प्रश्नच मिटला. १९१४ मध्ये गुरांत लाळ-खुरकताची साथ आली, रस्त्याकडेचे घोड्यांचे हौद बंद झाले आणि वाफगाडीचे पाणीही तुटले. वाफ पुन्हा थंड करून वापरण्याची सोय पुढच्या वर्षी झाली. पण तोवर उशीर झाला होता. १९२४ मध्ये कंपनी बंद पडली.

बँकेत असताना यंत्रासाठी कर्ज मागायला येणारा त्याची ताकद सांगे, वेग सांगे. मी विचारत असे, "रोज सकाळी हे सुरू कोण करणार?" पुष्कळदा उत्तर नसे.

आमच्या घरांत ते उत्तर ठरलेले होते. पहाटे उठून पिनेने बर्नर साफ करणारी, धुराने डोळे चोळणारी आई. स्टोव्हचा भडका उडून सून भाजल्याची बातमी तेव्हा नवी नव्हती, आणि दर वेळी दोष स्टोव्हचाच असे, असेही नाही. गॅस आला तेव्हा स्टोव्हसाठी कोणतीही बाई हळहळलेली मी पाहिली नाही. पितळ घासूनपुसून दिवाणखान्यात मांडले ते पुरुषांनी.

जुन्या यंत्रांचे कौतुक जरूर करावे. मात्र ते पेटवण्याची पाळी कोणाची होती, हेही त्याच वहीत लिहावे.