येलदरीची सहल : पूर्वतयारी, पाहणी व दक्षता

ताडकळस व आसपासच्या गावांतील मुले ज्या तालुक्यात राहतात, त्याचे नाव पूर्णा. ‘पूर्णा नदीवर धरण कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करून ती परीक्षेत गुण मिळवितात. परंतु त्यांपैकी अनेकांनी ते धरण डोळ्यांनी पाहिलेले नसते. जिंतूर तालुक्यातील येलदरीचा जलाशय याच जिल्ह्यात आहे. परभणी व जिंतूर या मार्गे जाऊन येण्यास सबंध दिवस लागतो. हा दिवस मोकळ्या हवेत आनंदाने जावा, मुलांच्या ज्ञानात भर पडावी आणि गेलेले प्रत्येक मूल सुखरूप घरी परतावे, असे तिहेरी उद्दिष्ट शिक्षकाने समोर ठेवावे.

वर्गातील पूर्वतयारी

सहलीचा आरंभ वर्गातील नकाशापासून व्हावा. महाराष्ट्राच्या नकाशात पूर्णा नावाच्या दोन नद्या ठळकपणे दिसतात, आणि मुलांचा येथेच घोटाळा होतो. विदर्भातील पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन तापीला मिळते. तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून पूर्णा शहराच्या पुढे गोदावरीस मिळते. तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. मुलांनी दोन्ही नद्या बोटाने गिरवाव्यात, म्हणजे हा भेद कायमचा लक्षात राहील.

त्यानंतर गणित घ्यावे. येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. एवढ्या मोठ्या संख्येचा अर्थ मुलांना सहजी कळत नाही. म्हणून त्यांना आपली वर्गखोली मोजावयास सांगावे. खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच असेल, तर तीत ९० घनमीटर पाणी मावेल. अशा एक कोटीहून अधिक खोल्या भराव्यात, तेव्हा जलाशय भरेल. हा हिशेब फळ्यावर स्वतः केलेला मुलगा बांधावर उभा राहिला, की समोरचे पाणी त्याला निराळे दिसते.

धरणावर काय दाखवावे

पावसाळ्यात आलेले पाणी येथे साठविले जाते. येथील जलविद्युत केंद्रात प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे ३ संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅट क्षमता आहे. उंचावरून सोडलेले पाणी चक्र फिरविते, चक्राबरोबर जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. वीज देऊन झालेले पाणी वाया जात नाही. ते नदीने खाली हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणात पोहोचते व तेथून कालव्यांनी शेतांना मिळते. एकाच पाण्याची ही दोन कामे मुलांकडून वदवून घ्यावीत. केंद्र अथवा बांध पाहण्यासाठी संबंधित कार्यालयांची पूर्वपरवानगी घेणे आवश्यक आहे.

डिसेंबर-जानेवारीत जलाशयाच्या काठी पाणपक्षी पाहावयास मिळतात. टिबुकली, वारकरी, पाणकावळा, राखी बगळा, खंड्या यांपैकी जे दिसतील त्यांची चोच, पाय व खाण्याची रीत मुलांनी टिपावी. नावे नंतर सांगावीत. निरीक्षण आधी व्हावे.

पाण्याच्या काठी

जलाशयाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. जेथे पूर्वी शेते, ओढे व विहिरी होत्या तेथे आता पाणी असते. त्यामुळे गुडघाभर पाण्यापुढे एका पावलावर अथांग खोली असू शकते. पाणी ओसरल्यावर काठाला गाळ उरतो. तो वरून वाळलेला दिसतो, पण पाय आत रुततो. धरणाच्या खालच्या अंगास नदीपात्र कोरडे दिसले, तरी पाणी सोडताच ते अल्पावधीत भरते. म्हणून पोहणे, पाण्यात उतरणे व पात्रात जाणे यांस पूर्ण मनाई असावी. पट्टीच्या पोहणाऱ्या मुलासही सवलत देऊ नये. त्याच्या मागून न पोहणारे उतरतात.

ही भीती काल्पनिक नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ मुले व २ शिक्षिका मरण पावल्या. त्या नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. या दोन्ही वेळी घरून निघताना मुले हसतच निघाली होती. शिक्षकाने नावेचा मोह टाळावा, हेच श्रेयस्कर.

दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटास एक मोठे माणूस द्यावे. वाहनातून उतरताना, जेवणापूर्वी, जेवणानंतर व परत निघताना हजेरी नावानिशी घ्यावी. नुसती डोकी मोजू नयेत. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी व जवळच्या दवाखान्याची माहिती सोबत असावी.

कोणीही मागे राहू नये

सहलीची वर्गणी देणे मजुरी करणाऱ्या पालकास जड जाते. असे मूल ‘मला यायचेच नाही’ असे सांगते. शिक्षकाने त्या बोलण्यातील अर्थ ओळखावा. शिदोरी घरचीच असावी. धपाटे व चटणी सर्वांनी एकत्र बसून खावी, म्हणजे कोणाचे उणे दिसत नाही. एवढे करूनही खर्च झेपणार नसेल, तर शाळेने येलदरीचा आग्रह धरू नये. जवळचा पाझर तलाव अथवा कालवा हाच सहलीचा विषय करावा. पाण्याची दिशा, काठाचा गाळ, पक्षी व पिके तेथेही पाहता येतात. दक्षता मात्र तीच ठेवावी.

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी ‘सहलीत मजा आली’ अशा ठरावीक वाक्यांचा निबंध लिहावयास लावू नये. प्रत्येकाने पाहिलेली एक वस्तू, तिचे चित्र व तिच्याविषयी पडलेला एक प्रश्न लिहावा. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास ठाऊक नसेल तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि उत्तर मिळेपर्यंत पुसू नये.